अंगण कोण झाडतं?

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या मित्राच्या फार्महाऊसवर जेवायला गेलो होतो. पुण्यापासून तासाभरावर त्यानं 20 गुंठे जमीन घेतलीय. चार आंबे, दोन चिकू, एक टुमदार घर आणि बाजूला जाळीचं खुराडं. त्यात 6 गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा देखणा होता, खोटं कशाला बोलू? तांबूस अंग, शेपटीचा काळा-हिरवा झुबका आणि जास्वंदीसारखा लालभडक तुरा.

आम्ही व्हरांड्यात पानं मांडायची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात फाटकापाशी हाक आली, "दादा, तेवढं कोंबडं धरा वो!" भांडी घासायला येणारी बाई होती, शेजारच्या वाडीवरची. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं साडी गुडघ्याशी आवळून धरलेली. मित्र काही उठला नाही. हसत म्हणाला, "आमचा वॉचमन आहे हा! बाईंना आत येऊ देत नाही. परवा त्यांच्या पोटरीचा लचकाच काढला." सगळे हसले. एकानं मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. बाईसुद्धा हसली. पगार देणारा हसला की हसावंच लागतं.

मी हसलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. माझ्या वाट्याचं हसणं मी 50 वर्षांपूर्वीच हसून घेतलंय, आणि त्याची खूण अजून माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या डोळ्याखाली आहे. हे लिहितोय ते त्या हसण्याविरुद्ध. कोंबड्याविरुद्ध मला फारसं काही म्हणायचं नाही.

आमचं गाव माण तालुक्यातलं. 1972च्या दुष्काळात तिकडं काय झालं ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. गोठा रिकामा झाला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दावणीला जनावर उरलं नाही, पण आजीच्या कोंबड्या राहिल्या, कारण कोंबडीला छावणी लागत नाही. उकिरडा उकरून, किडामुंगी टिपून ती आपलं पोट भरते. दुष्काळ सरला, दोन बैल पुन्हा आले, तरी घरातला रोखीचा पैसा आजीच्या अंड्यांचाच. मीठ, काडेपेटी, रॉकेल आणि माझी पाटी-पेन्सिल त्यातूनच यायची. पण दादा, म्हणजे आमचे वडील, चारचौघांत कधी म्हणाले नाहीत की आमच्या घरी कोंबड्या आहेत. ते म्हणायचे, आमच्याकडं एक जोडी आहे. कोंबड्या बायकांच्या, बैल पुरुषांचे, अशी वाटणी होती.

त्या कोंबड्यांतली एक पिलं घेऊन बसली असताना मुंगसानं मारली. पिलंही नेली, एकच वाचलं. ते मी उचलून चुलीपाशी आणलं. चिंध्यांच्या उबेत ठेवलं, कण्या भिजवून चारल्या. ते माझ्या मागं मागं घरभर हिंडायचं. पंखाला पिसं फुटली तशी मी त्याच्याशी झुंज खेळायला लागलो. मूठ वळून त्याच्यापुढं नाचवायची. ते मानेची पिसं फुलवायचं, टुणकन उडी मारून मुठीवर चोच मारायचं. मी हात मागं घेतला की त्याला वाटायचं, आपण जिंकलो. सोप्यावर बसलेली माणसं खूश! तात्या, म्हणजे माझा चुलता, म्हणायचा, "आरं लेका, हे तर पैलवान निघालं!" तेच नाव पडलं.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण मारकुटा कोंबडा आभाळातून पडत नाही. कळपात आईखाली वाढलेलं पिलू मोठ्या कोंबड्यांच्या टोच्या खात खात आपली पायरी शिकतं. माणसाच्या हातात एकटं वाढलेलं नर-पिलू माणसालाच आपल्या जातीचा समजतं, आणि वयात आलं की माणसाशीच हिशोब करायला येतं. तीन महिन्यांचं असताना ज्याची उडी गोड वाटते, त्याच उडीला आठव्या महिन्यात अडीच किलोचं वजन आणि पायामागं अणकुचीदार काटा आलेला असतो. पैलवानाला मी शिकवलं. शाळेत नापास होणाऱ्या पोराचा एवढा एकच विद्यार्थी पास झाला.

पैलवानाला पहिला राग आला तो खराट्याचा. आई पहाटे अंगण झाडायला वाकली की तो कडेनं यायचा. समोरून नाही. एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका चालत, जणू काही दुसरीकडंच निघालाय असा. आईची पाठ वळली की झेप! पोटरीवर दोन काटे एकदम. तिच्या पायांवर कायम हळद असायची. पुढं पुढं तर ती पायाला पोत्याचे तुकडे बांधून अंगणात उतरायला लागली. सोप्यावर चहा पीत बसलेली मंडळी म्हणायची, "आज कोन पडलं गं? तू का पैलवान?" मीही त्यांच्यात बसून दात काढायचो. पैलवान माझा होता ना!

दादांच्या अंगावर तो कधी गेला नाही. तात्याच्याही नाही. त्याचं श्रेय दोघं स्वतःच्या दराऱ्याला द्यायचे. "कोंबड्याला बी कळतंय मानूस कोन हाय ते," असं तात्या म्हणायचा. आज मला त्याचं खरं कारण ठाऊक आहे. पायांत जड वहाणा घालून, ताठ, सरळ दारातून बाहेर जाणारा माणूस कोंबड्याच्या राज्यात येतच नाही. अंगण झाडायला, शेण काढायला, दाणे टाकायला, अंडी गोळा करायला, भांडी घासायला वाकतात त्या बायका. त्यांच्या पदराचं टोक हलतं, हातात खराटा हलतो, डोकं खाली येतं. कोंबड्याच्या भाषेत हे सगळं आव्हान असतं. आणि पोरं? ती तर त्याच्याच उंचीची.

थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेतल्या माणसानं लहानपणापासून कोंबड्या बघून बघून टिपणं केली आणि 1920च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर शास्त्रीय लेखन प्रसिद्ध केलं. कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते, हे त्यानं दाखवलं. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची सगळ्यांच्या टोच्या खाते. हे वाचलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. वाचताना मला आमचा सोपा दिसला. दादा आजोबांना घाबरायचे, तात्या दादांना. आई सगळ्यांना घाबरायची आणि धाकटी आईच्या पदराआड असायची. आमच्या घरातली उतरंड पैलवानानं आमच्यापेक्षा नीट वाचली होती. कुणाला टोचलं तर कुणी उठत नाही, हे त्याला एका महिन्यात कळलं.

आता कुणी म्हणेल, कोंबडा रागीट असला तरच कोंबड्या राखतो. हा युक्तिवाद मी गावात ऐकलाय आणि शहरातल्या हौशी लोकांकडूनही ऐकतो. यात थोडं खरं आहे, ते आधी कबूल करतो. पैलवानानं मुंगसावर धाव घेतलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. तो भित्रा नव्हता. पण पुढं आजीनं राखलेला पांढरट कोंबडाही मुंगसावर जायचा, आणि त्यानं माणसाच्या अंगावर कधी पीस फुलवलं नाही. घार दिसली की तो एक लांब, बारीक आवाज काढायचा आणि सगळ्या कोंबड्या जिथल्या तिथं दडून बसायच्या. कुत्रं आलं की आवाज वेगळा, तुटक, खटखटीत. किडा सापडला की स्वतः न खाता कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा. संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर शेवटी खुराड्यात शिरायचा. राखणं म्हणतात ते हे. पोटरीचा लचका तोडणं हा राखणीचा भाग नव्हे. ज्याला मुंगूस आणि झाडणारी बाई यांतला फरक कळत नाही, त्याला राखणदार म्हणून मिरवू नये.

दुसरा युक्तिवाद मर्दपणाचा. "त्याला एकदा दणका द्या, मालक कोण ते दाखवा." आमच्याकडं हाही प्रयोग झाला. आईनं फारच धरणं धरलं तेव्हा तात्यानं पैलवानाला लाथ घातली. पैलवान दोन हात लांब पडला, उठला, अंग झाडलं आणि परत आला. तात्यानं काठी घेतली. पैलवान काठीवर आला. बघणाऱ्यांची करमणूक झाली आणि दुसऱ्या दिवशी आईवर दुप्पट जोरानं झेप आली. कारण साधं आहे. लाथ मारणारा माणूस कोंबड्याला मालक वाटत नाही, दुसरा कोंबडा वाटतो. तुम्ही त्याच्याशी भांडलात म्हणजे त्याचं म्हणणं मान्य केलंत की हे भांडणच आहे. हरलेला कोंबडा उद्या पुन्हा बघू म्हणतो, आणि उद्या अंगणात तात्या नसतो, आई असते.

मग तात्यानं त्याला पाय बांधून उलटा टांगला. अर्धा तास. "उतरंल माज," म्हणाला. पक्ष्याच्या पोटात आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं ठेवणारा पडदा नसतो. उलटं टांगलं की आतड्यांचं ओझं श्वासाच्या पिशव्यांवर येतं आणि तो गुदमरायला लागतो. आपण ज्याला शांत झाला म्हणतो तो निपचित पडलेला असतो. पायाचा काटा पकडीनं मोडून टाका, हाही असाच एक उपाय. काट्याच्या आत हाड असतं, रक्त असतं. टोक फार तर कानशीनं बोथट करता येतं. मोडणं म्हणजे नुसती सूड उगवायची हौस. अडीच किलोच्या पाखरावर सूड उगवणाऱ्या माणसाबद्दल मी काय बोलावं?

आजीची रीत निराळी होती. तिच्या अंगावरही पैलवान एकदाच गेला. ती पळाली नाही, ओरडली नाही. हातातलं सूप पायांपुढं आडवं धरून उभी राहिली. त्याची झेप सुपावर आपटली, पुन्हा आपटली. मग तिनं शांतपणे खाली वाकून त्याचे दोन्ही पंख दाबून त्याला काखेत मारला आणि तसाच घेऊन सगळी कामं केली. दाणे टाकले, खुराडं झाडलं, शेजारणीशी बोलून आली. पैलवान काखेत गुपचूप. सोडला तेव्हा तो मान खाली घालून बाजूला गेला. तिनं दादांना सांगितलं, "ह्यो माझ्या अंगावर यायचा न्हाई आता. पर सुनंच्या आन पोरीच्या अंगावर येनार. त्या काय दिसभर त्याला काखंत घिऊन हिंडत्याल व्हय? कापा त्याला."

दादा म्हणाले, "त्यो म्हसोबाचा हाय."

खरंच होता. आदल्या वर्षी बैलाचा खूर सुजला होता तेव्हा दादांनी वेशीबाहेरच्या म्हसोबाला चैताच्या जत्रेत कोंबडा बोलला होता, आणि पैलवानाचं रूप बघून तोच ठरवला होता. देवाच्या नावानं सोडलेल्या कोंबड्याला मारायचं नाही, विकायचं नाही. माघ चालला होता. म्हणजे अजून दोन महिने. सोप्यावरच्या माणसांना दोन महिने काहीच नव्हते.

धाकटी चार वर्षांची होती. सकाळी हातात भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली होती. पैलवान तिरका तिरका येताना मी पाहिला. ही गोष्ट मी घरात पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मी पाहिला, आणि ओरडलो नाही. मला बघायचं होतं काय करतो ते. आदल्याच दिवशी त्यानं शेजारच्या पोराला पळवलं होतं आणि आम्ही पोटभर हसलो होतो.

त्यानं उडी मारली. धाकटी मागं कलंडली आणि तो तिच्या तोंडावर. मी धावेपर्यंत तिचा अर्धा चेहरा रक्तानं भरला होता. डोळा आहे का गेला तेच कळेना. आई शेणाचे हात तसेच घेऊन धावत आली. तिनं पोरीला उचललं, आणि पहिल्यांदा, माझ्या देखत पहिल्यांदा, ती सोप्याकडं तोंड करून ओरडली, "हसा की आता! का न्हाई हसत?"

कुणी हसलं नाही.

सायकलवर पुढं बसवून दादांनी धाकटीला तालुक्याला नेलं. जखम डोळ्याच्या खाली अर्ध्या बोटावर होती. डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यानं धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डोळा वाचला तो योगायोगानं. त्यात आमच्या कुणाचीही कर्तबगारी नाही.

संध्याकाळी आजीनं पैलवानावर डालगं टाकलं आणि वर दगड ठेवला. दादा म्हणाले, चैत येऊ दे. आजी म्हणाली, "म्हसोबाला कोंबडाच पायजे न्हवं? मग उद्याच घिऊ दे. त्याला चैताची घाई न्हाई, आन उशीरबी न्हाई. माझ्या नातीला दुसरा डोळा हाय अजून." आजीच्या पुढं दादा एरवी बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हसोबापुढं पैलवानाचं काम झालं. दादांनी एका झटक्यात केलं, हाल केले नाहीत. रात्री कालवण झालं. मला घास गिळेना. धाकटीनं मात्र पट्टी बांधल्या तोंडानं दोन वेळा मागून घेतलं.

इथं शहरातले काही वाचक नाराज होतील. मुक्या जिवाला मारलं म्हणतील. प्रेमानं सुधारला असता म्हणतील. त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, प्रेमानंच तर बिघडला होता. चुलीपाशी चिंध्यांत वाढवलं, हातानं भरवलं, लाडानं खेळवलं. दुसरी, तुम्हाला त्याला जगवायचंच असेल तर खुशाल जगवा. वेगळी जाळी बांधा, दाणापाणी स्वतः घाला, त्याची घाण स्वतः काढा, त्याच्या टोच्या स्वतःच्या पोटरीवर घ्या. ही दया मी मानतो. पण दया तुमची आणि पोटरी दुसरीची, हे चालणार नाही. शिवाय रविवारी पिशवीतून चिकन आणणाऱ्यानं आजीला दया शिकवू नये. तिनं जो कापला त्याला ती ओळखत होती.

आणि गावाकडच्या माझ्या भाऊबंदांनाही सांगायचं आहे. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" म्हणून सुरी उचलणं सोपं. खोड लावली कुणी ते आधी बघा. पोर पिलाला मूठ दाखवून खेळवत असेल तर पोराला दटावा. एकटं पिलू वाढवायची वेळ आली तर ते लवकरात लवकर इतर पिलांत सोडा. एका कोंबड्यामागं आठ-दहा कोंबड्या असू द्या. चार कोंबड्यांत तीन नर ठेवले तर ते आधी एकमेकांना फाडतात, मग कोंबड्यांची पाठ सोलतात, मग माणसांवर येतात. आणि मारकुट्या कोंबड्याच्या वीणीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. राग रक्तात उतरतो. असील कोंबडा झुंजार असतो तो माणसानं पिढ्यान्‌पिढ्या झुंजार नरच निवडले म्हणून. मग शांत नर निवडत गेलं तर शांत पिलं का निघणार नाहीत? पैलवानाचीही अंडी तात्यानं हौसेनं ठेवली होती. त्यातले दोन नर तसेच निघाले. ते आजीनं तुरा फुटायच्या आतच बाजाराला धाडले, आणि तो पांढरट गरीब कोंबडा राखला. पुढची कितीतरी वर्षं आमच्या अंगणात आईच्या पायाला पोत्याचा तुकडा लागला नाही.

विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडं कोंबडबाजार भरतात. पायाला धारदार काती बांधून कोंबडे झुंजवतात, पैसे लावतात. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं अशा झुंजी लावणं गुन्हा आहे. पोलीस छापे घालतात, पेपरात बातम्या येतात, आपण नाकं मुरडतो. मुरडावीत. पण तिथं निदान कोंबड्यापुढं कोंबडा असतो. आपण आपल्या अंगणात त्याच्यापुढं वाकलेली बाई आणि चार वर्षांचं पोर उभं करतो, तिकीट न काढता बघतो, आणि वर त्याला पैलवान, वॉचमन अशी नावं देतो. हा कुठल्या कायद्यात बसतो?

भाऊबीजेला धाकटी मला ओवाळते. आता तीही साठीच्या जवळ आली. ताटातल्या निरांजनाचा उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर पडला की तो वण दिसतो, तांदळाच्या दाण्याएवढा. एकदा मी तिला सांगून टाकलं, मी पाहिला होता गं त्याला येताना. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. तू उभा व्हतास, मी बघितलं व्हतं." आणि ओवाळणी मागितली. मी ताटात काय टाकलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की ती हसली नाही, रागावलीही नाही.

त्या फार्महाऊसवर मी उठलो, जेवणाच्या टेबलावरचा मोठा ट्रे उचलला आणि पायांपुढं धरून फाटकाकडं गेलो. कोंबडा दोनदा ट्रेवर आपटला. मग पंख दाबून त्याला काखेत धरला. आजीची आठवण झाली. बाई आत आली. तिला विचारलं, कधीपासून त्रास देतोय? म्हणाली, "दिवाळीपासनं. म्या सांगितलं व्हतं की मी यायच्या वक्ताला नुसती जाळीची कडी लावा. दुसरं काय न्हाई. भांडी घासून गेले की सोडा परत."

मी मित्राला विचारलं, मग कडी का लावली नाही? तो जरा ओशाळला. म्हणाला, "अरे, ती गमतीनं म्हणते असं वाटलं. तू फारच मनावर घेतोयस."

मी कोंबड्याला आत सोडून कडी लावली. परत येताना पावलं मोजली. व्हरांड्यातल्या खुर्चीपासून त्या कडीपर्यंत 15 पावलं होती.